तू पुढे हो

९ जून, रविवार

ही वही काओ शेठनी दिली. सायकल दुकानात नवीन टायर घेतला तर म्हणाले, "वहिनी, रोज किती किलोमीटर झाले ते लिहीत जा. उन्हाळ्यात हुरूप टिकतो."

किलोमीटर माझ्या नवऱ्याच्या, आ-फाच्या, घड्याळात आपोआप लिहिले जातात. मी इथे आ-फाबद्दलच लिहिणार आहे, कारण हुरूप टिकवायचाय तो त्याचा. ऑक्टोबरमध्ये काओ शेठचा गट सायकलवरून सगळ्या बेटाला वळसा घालणार आहे, नऊ दिवसांत. त्यात आमची दोघांची नावं आहेत. आ-फानं तीस वर्षं आमच्या युआनलिनपासून शिहू गावापर्यंतच्या एकाच रस्त्यावर बस हाकली. तेव्हापासून घोकत होता, की एकदा या रस्त्यावरून असं निघायचं की परत फिरायचंच नाही, सरळ जात जात दुसऱ्या बाजूनं घरी यायचं. दोन वर्षांपूर्वी अचानक नोकरी सोडली. का, तर म्हणे कंटाळा आला.

खरं सांगायचं तर मला सायकल आवडत नाही. बूड दुखतं, मानेवर घामोळं येतं. पण मी नसले तर हा माणूस कुठे जायचा नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून मीही.

अडचण उन्हाळ्याची. गट पहाटे साडेचारला अंधारात निघतो, बागुआच्या डोंगरावरून फिरून ऊन तापायच्या आत खाली येतो. आणि आ-फा उठत नाही! तीस वर्षं पहिली गाडी नेणारा माणूस आता सात वाजता सायकल काढतो आणि मग वर "काय हे ऊन, काय हे ऊन" करत कण्हतो. माझं न्याहारीचं दुकान होतं तेव्हा मी तीनला उठून सोयाबीनचं दूध उकळायला ठेवायचे. मला पहाटेचं काही वाटत नाही. पण एकटी कशी जाऊ?

१० जून

नागनौकांचा सण. बांबूच्या रुंद पानात बांधलेले भाताचे त्रिकोणी पुडे खाऊन सातला निघालो. चढ सुरू झाला तसा आ-फा म्हणाला, "तू पुढे हो."

"का? वाऱ्याचा आडोसा मिळावा म्हणून?"

"हो. तुझा आडोसा मोठा आहे."

मेला. परवा मला एक भडक पिवळा सदरा आणलाय. घातला की मी पिकलेल्या आंब्यासारखी दिसते. म्हटलं, या वयात हा रंग? तर म्हणे, तुला शोभतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा यानं माझ्यासाठी कपडा आणला, तोही असा. तरी घातला.

२३ जून

अंगाची लाही लाही. सव्वासातला डांबर मऊ झालेलं. डोंगराच्या निम्म्यावर आ-फा उतरला, लिचीच्या बागेच्या सावलीत बसला आणि म्हणाला, "आज इतकंच."

मी म्हटलं, "वर बर्फवालीकडे गोड लाल घेवडा घातलेला किसलेला बर्फ खाऊ घालीन."

"दोन वाट्या?"

"दोन."

उठला. मूल झालाय नुसता. पण बर्फ खाताना मात्र छान बोलला. पूर्व किनाऱ्यावर म्हणे डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र, आणि वारा पाठीमागून आला तर पाय मारावेच लागत नाहीत. मग एकदम म्हणाला, "आ-शिया, तिथे वळणावर थांबून मागे बघायचं हं. सगळे पुढेच बघतात." जणू मी एकटीच जाणारे.

६ जुलै

भांडण.

वाटेत कॉफीच्या दुकानात थांबलो, तर घाम डोळ्यांत जाऊन आग व्हायला लागली. आ-फाच्या सायकलच्या पिशवीत थेंबांची बाटली असते, त्याच्या डोळ्यांत घाम जातो म्हणून तो घालतो. मी ती काढली आणि मान वर केली, तर असा ओरडला की दुकानातली सगळी माणसं बघायला लागली. बाटली हिसकावलीच.

"महाग आहे ती!"

एवढा चिक्कू माणूस मी पाहिला नाही. आठवडाभर कॉफीवर पैसे उधळेल, पण बायकोच्या डोळ्यांत दोन थेंब नकोत. नंतर दुकानातून बाहेर पडताना पायरीवरून घसरला, तेव्हा मी हात दिला नाही. आता वाईट वाटतंय. गुडघा चांगलाच सोललाय.

२५ जुलै

वादळ. शाळा, कचेऱ्या, सगळं बंद. खिडक्यांना टेकू लावून घरात बसलो. आ-फानं बैठकीत माझी सायकल उलटी करून ठेवली आणि मला पंक्चर काढायला शिकवलं. मग साखळी बसवायला. मग पुन्हा पंक्चर.

"अरे, तू आहेस ना काढायला?"

"तुला यायला हवं."

"का पण?"

"मी मागे राहिलो तर?"

"तू तर कायम मागेच असतोस!"

हसला. माझ्या काळ्या बोटांकडे बघत बसला बराच वेळ. तिसऱ्यांदा मी टायर एकटीनं चढवला, तर टाळ्या वाजवल्या. बाहेर पत्रे उडत होते आणि हा टाळ्या वाजवतोय. मला हसू आवरेना.

५ ऑगस्ट

कालपासून पितरांचा महिना लागला. आज मी ठरवून चारला उठले, पाणी भरलं, दिवे लावून दोन्ही सायकली दारात उभ्या केल्या आणि याला हलवलं. डोळे न उघडता म्हणतो, "या महिन्यात उजाडायच्या आत बाहेर पडू नये. भले भाऊ फिरत असतात."

ज्यांना आपण सगळे भले भाऊ म्हणतो, भूत हा शब्द या महिन्यात तोंडातून काढत नाही, त्यांच्यावर या माणसानं कधी विश्वास ठेवला नाही. माझ्या आईसमोर रात्री शिट्टी वाजवून तिला घाबरवायचा! आणि आता हा पोरांना सांगतात तसं मला सांगतोय.

"तू घाबरतोस?"

"हो. फार."

आणि उशी तोंडावर घेतली.

९ ऑगस्ट

काओ शेठच्या दुकानात गेले होते. त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, भाऊ आताशा गटात येत नाहीत. काही बिनसलंय का आमच्याशी?"

मी म्हटलं, "त्याला ऊन बाधतं."

"ऊन बाधतं म्हणून तर आम्ही पहाटे जातो."

रस्ताभर तेच डोक्यात. ज्याला ऊन नको, तो उन्हातच का निघतो? खरंच त्याला जायचं नाहीये का? की माझ्याबरोबर जायचं नाहीये? दुकान विकल्यापासून मी दिवसभर घरात असते, दिवसभर बोलते. माणूस कंटाळत असेल. मागून येतो म्हणजे निदान माझं तोंड तरी बघावं लागत नाही.

हे लिहून बरं वाटलं नाही. लिचीसारखी लोंगान फळं आणलीत, ती सोलत बसते.

१८ ऑगस्ट, रविवार

देवा, आज काय झालं!

सातव्या महिन्याची पौर्णिमा, भल्या भावांना जेवण घालायचा दिवस. गावभर प्रत्येक दुकानापुढे रस्त्याच्या कडेला मेजं मांडलेली. आमचंही मांडून, उदबत्त्या लावून झाल्या होत्या. दुपारी चारला आ-फा म्हणाला, ढग आलेत, एक चक्कर मारू. मी पुढे, तो मागे. औषधाच्या दुकानावरून मी पुढे गेले आणि मागून जो आवाज झाला!

मेजावर जाऊन आदळला. उजव्या हाताला एवढं मोठं लाल कापडाचं मेज, त्यावर अख्खी कोंबडी, अननस, शेवयांची पाकिटं, दारूचे पेले. सगळं रस्त्यावर, आणि हा त्यात बसलेला. कोंबडी याच्या मांडीवर. दुसरा कुणी असता तर मी पोट धरून हसले असते. पण औषधवाल्याची बायको पांढरीफटक पडली.

"अहो, त्यांच्या ताटात पाय घातलात! ते जेवत होते!"

आ-फा खाली बघत एवढंच म्हणाला, "चुकलं. माझं चुकलं." मी नवीन कोंबडी आणून दिली, गुडघे टेकून उदबत्ती लावली, आ-फालाही टेकायला लावली. त्यानं निमूट टेकली.

परतताना दोघं सायकली ढकलत चालत आलो. मी म्हटलं, "दिवसाढवळ्या, एवढं लालभडक मेज! कुणीतरी ढकललं तुला. खरं सांग, ढकललं ना?"

साखळीकडे बघत म्हणाला, "हो. तसंच वाटलं."

म्हणजे पहाटे बाहेर पडायला घाबरत होता ते उगाच नाही. पंधरा दिवस झाले, त्याला काहीतरी जाणवत असणार आणि मी त्याला आळशी म्हणत बसले. मंगळवारी त्याला देवळात नेते, भीती उतरवून आणते.

२० ऑगस्ट, मंगळवार

नेलं. कुरकुरला नाही. देवळाच्या मागच्या ओसरीवर भीती उतरवणाऱ्या आजी बसतात. रांगेत तान्ही बाळं आणि त्यांच्या आया, आणि त्यांच्यात हा साठीचा बाप्या. आमच्या पुढचं बाळ याच्याकडे बघून हसत होतं.

आजींनी त्याला उभं केलं. एका हातात त्याचा सदरा, दुसऱ्या हातात तीन पेटत्या उदबत्त्या. नाव, पत्ता देवीला सांगून पुटपुटत त्या त्याच्याभोवती फिरल्या. समोरून उदबत्त्या आल्या तेव्हा हा जरा मागे सरला, मी म्हटलं, बघ, घाबरलाय. मग त्या उजव्या बाजूला गेल्या. आजींचा हात म्हातारा, थरथरता. उदबत्त्या याच्या कानापाशी, गालापाशी, अगदी डोळ्याच्या कडेपर्यंत आल्या. वाटलं, आता भाजतो की काय. पण आ-फा शांत. पापणीसुद्धा हलली नाही. मला इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, उतरली भीती. लगेच उतरली.

आता घरी आलोय. मी हे लिहितेय आणि तो माझ्या डाव्या हाताला, याच बाकावर, टीव्हीकडे तोंड करून पपई खातोय. त्याचा उजवा गाल माझ्याकडे आहे. त्यावर राखेचा एक ठिपका अजून

पापणीसुद्धा हलली नाही.

मी आता लेखणी खाली ठेवली होती. हात वर केला, त्याच्या गालाच्या बाजूला वीतभर अंतरावर. हलवला. बोटं नाचवली. तो पपई खात होता. मी हात तसाच ठेवला. दुखायला लागला तरी तसाच. टीव्हीवर कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि तो हसला.

२१ ऑगस्ट

सकाळी भाताची पेज त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "किती दिसतं?"

"कशातलं?"

"आ-फा."

चमचा ठेवला. मग म्हणाला, "समोरचं दिसतं. तुझं तोंड स्वच्छ दिसतं. कान बघायचे तर मान फिरवावी लागते."

"माझ्या कानात काय बघायचंय!" म्हटलं मी, आणि मग जे रडू फुटलं ते फुटलंच.

डोळ्यांतला दाब वाढलाय. दोन वर्षांपूर्वी चालकांच्या तपासणीत कळलं. त्याच आठवड्यात यानं स्वतः होऊन बसच्या किल्ल्या ठेवल्या. म्हणाला, "माझ्या मागे चाळीस माणसं बसायची, आ-शिया." उजव्या बाजूचं बरंचसं गेलंय, उजेड कमी झाला की उरलेलंही दिसत नाही. घामाचे म्हणून घालायचा ते औषधाचे थेंब. मी पुढे असले की माझी पाठ बघत बघत येतो, पिवळं तेवढं नीट दिसतं.

मी चिडले. डोळ्यांवर नाही, दोन वर्षं मूग गिळून बसला त्यावर. भाड्याचं माणूस होते का मी? आणि माझ्या मागे सायकल हाकत होतास, रस्त्यावर, गाड्यांत! मेला असतास तर?

"ऑक्टोबरपर्यंत हवा होता वेळ," म्हणाला.

"त्या फेरीसाठी? जीव देऊन?"

"मी जाणारच नव्हतो. तू जाणार होतीस."

मला कळेना. मग सावकाश सांगितलं त्यानं. दुकान गेल्यापासून तू घराबाहेर पडत नाहीस. माझे डोळे आणखी गेले की तू माझ्या उशाशी बसशील आणि पुन्हा उठणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून वाटलं तुला आधीच सवय लागावी. पाय मजबूत व्हावेत, पंक्चर काढता यावं, काओ शेठच्या माणसांची ओळख व्हावी. ऑक्टोबरमध्ये आदल्या दिवशी पोट दुखतंय म्हणून मी घरी राहणार होतो. "तुला सायकल एवढी आवडते, वाटलं..."

"मला सायकल आवडत नाही रे गाढवा!"

"नाही आवडत?"

"कधीच नाही! बूड दुखतं माझं!"

"मग सगळा उन्हाळा..."

"तुझा हुरूप टिकावा म्हणून!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान जरा डावीकडे वळवली, जरा उजवीकडे. मला कळलं, कान बघतोय. मग आम्ही दोघंही इतके हसलो की पेज गार झाली.

२९ ऑगस्ट

झांगह्वाच्या मोठ्या दवाखान्यात मी बरोबर गेले. पहिल्यांदाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवता येतं, थेंब चुकवले नाहीत तर. गाड्यांच्या रस्त्यावर सायकल बंद म्हणजे बंद. आ-फानं मान हलवली. बस ठेवून आला तेव्हाही अशीच हलवली असेल आणि घरी येऊन मला म्हणाला असेल, कंटाळा आला.

मी विचारलं, "आणि गाड्या नसतील तिथे? दिवसा? मी पुढे असले तर?"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "हळू. आणि तुम्ही तोंडानं सांगत राहायचं. हातानं खुणा केलेल्या यांना दिसणार नाहीत."

आ-फा म्हणाला, "तोंडाचं काही कमी पडायचं नाही."

८ सप्टेंबर

काओ शेठना सगळं सांगितलं. तर दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल देतो म्हणाले. आ-फा भडकला. "हिच्या मागे बांधून न्यायला मी काय भाजीची पिशवी आहे?"

मी म्हटलं, आमची नावं काढा. दोघांची. त्यावर आ-फा असा ओरडला, की थेंबांच्या बाटलीवेळीही एवढा ओरडला नव्हता. "माझे डोळे गेलेत. तुझे पाय गेलेत का?"

शेवटी काओ शेठनीच तोड काढली. गटामागे सामानाची गाडी असते, त्यांचा भाऊ चालवतो. आ-फानं त्याच्या शेजारी बसायचं. आणि जिथे जिथे फक्त सायकलींचा रस्ता आहे, समुद्राकाठी, नदीकाठी, तिथे उतरून माझ्या मागे यायचं.

"दुसऱ्याच्या शेजारी? मी? चालकाच्या शेजारी बसून मी गप्प राहणार नाही, आधीच सांगतो."

"नका राहू," काओ शेठ म्हणाले. "त्याला झोप येते."

२१ सप्टेंबर, शनिवार

ऊन उतरायला लागलंय. आज नदीकाठच्या सायकलरस्त्यावर गेलो, आठला, चांगलं उजाडल्यावर. देवीला नमस्कार करून निघाले. मी पुढे.

सुरुवातीला फार वाईट गेलं. मी खड्डा बघायचे, मग "खड्डा" म्हणायचे, तोवर आ-फा त्यात. "आधी सांग गं, नंतर काय बातमी देतेस!" मग जमत गेलं. डावीकडे कुत्रं, झोपलंय. पुढे पूल, जरासा चढ. उजवीकडे बाई आहे, टोपीवाली, भाजी खुडतेय, तिला घंटी वाजव. ओला रस्ता. वाळलेला. समोरून दोन पोरं, बाजूला हो, गेली. इतकं बोलले की घसा सुकला. मागे बघता येत नव्हतं, नुसता त्याच्या साखळीचा आवाज यायचा. तो थांबला की माझं काळीज थांबायचं, पुन्हा आला की मी पुन्हा पाय मारायचे.

पुलापलीकडे रस्ता सरळ झाला. दोन्हीकडे भात, पोटरीला आलेला, आणि माणूस नाही, कुत्रं नाही, काही नाही. मला एकदम वाटलं, हे सगळं त्याला दिसत नसेल. दिसत असेल तर फक्त माझी पाठ. डोळे भरून आले आणि मी गप्प झाले.

"आ-शिया?"

मी खांद्याला डोळे पुसले.

"आ-शिया! गप्प का झालीस?"

"सांगण्यासारखं काही नाहीये," मी ओरडले. "रस्ता रिकामा आहे."

"मग तेच सांग."

मग तेच सांगितलं. रस्ता रिकामा आहे, आ-फा. अजून रिकामा आहे. अजूनही. दूरवर रिकामाच आहे, ये.

मागून त्याच्या साखळीचा आवाज जोरात यायला लागला.